बिनमातीची खोली

खालच्या रस्त्यानं जाणाऱ्याला टेकडीवरचं ते घर दिवसा दिसायचंच नाही. खडकाचा जो रंग तोच भिंतींचा, आणि नजर पोचेल तिथवर शेजारी दुसरं घर नाही. अंधारून आलं की मात्र त्याच्या एका खिडकीत गुलाबी उजेड पसरायचा. अगदी गुलाबीही नव्हे, गुलाबी आणि जांभळ्याच्या मधलं काहीतरी. मग वर मान केल्याशिवाय कुणाचं पाऊल पुढं पडत नसे. दूधगाडीवाल्यानं तर जाहीरच करून टाकलं होतं, "टेपबाईनं घरात चंद्र कोंडून ठेवलाय." तो तसा बोलघेवडाच माणूस, राईचा पर्वत करणारा. पण या वेळी त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

टेपबाई म्हणजे शिवणकाम करणारी बाई. मोजायची टेप सदा गळ्यात, अंघोळीपुरती काय ती उतरत असेल तेवढीच. म्हणून हे नाव पडलं, आणि असं चिकटलं की आता खऱ्या नावानं हाक मारली तर तीच मागं वळून बघेल, कुणाला बोलावताहेत म्हणून. तरुणपणी ती गणवेश शिवायच्या कारखान्यात होती. तिथं तिच्याकडे काम होतं बाह्या जोडायचं. दिवसभर नुसत्या बाह्या. अख्खा शर्ट तिनं पहिल्यांदा शिवला तो लग्नानंतर, नवऱ्यासाठी. त्याच्या बाह्या अशा बसल्या होत्या की बघत राहावं, आणि बाकीचा शर्ट बघवत नव्हता. नवऱ्यानं तो विरेपर्यंत घातला आणि एका शब्दानं बोलला नाही. अशा माणसावर जीव जडायला वेळ लागतो होय?

नवरा शेतकरी. शेत खाली, उताराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठी. घर मात्र वर, नागड्या खडकावर. त्याच्या आजोबांनी ते मुद्दाम तिथं बांधलं होतं, कारण चांगली माती घराखाली गाडायची म्हणजे काय अक्कल गहाण ठेवलीय का, असं त्या आजोबांचं म्हणणं. त्यामुळे सकाळी उतरायचं, संध्याकाळी चढायचं, असा या घराण्याच्या पुरुषांचा जन्म गेला. घराभोवती चिमूटभर माती सापडली तर शपथ. सगळा दगड, आणि दगडावरून चोवीस तास वाहणारा वारा.

मागच्या हंगामात टेपबाईचा म्हातारा, म्हणजे हा नवरा, शेतात पडला. काम करता करता डोळ्यांपुढं अंधारी आली आणि गडी आडवा. शुद्ध आली तेव्हा उठवेना. हाका मारल्या, पण वारा वरून खाली वाहत होता आणि घरात मशीन खडखडत होतं. जेवायला का आले नाहीत म्हणून टेपबाई बघायला उतरली, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तोवर तो एका जागी आभाळाकडे बघत पडला होता. तिथं एकट्यानं काय काय विचार केले असतील ते त्याचं त्याला ठाऊक. त्यानं कधी सांगितलं नाही आणि तिची विचारायची छाती झाली नाही.

त्यानंतर तो खाटेवर पडला तो पडलाच, तोंड भिंतीकडे करून. न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जायचा, तेवढंच. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिले, गुडघे वाकवून पाहिले, आणि टेपबाईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पायांना काही झालेलं नाही. भीती बसलीय. पण असेच पडून राहिले ना, तर पाय खरोखरच जातील. थंडी सरायच्या आत चालते झाले पाहिजेत. पुढचं मी काही सांगू शकत नाही."

थंडी तर दारात उभी होती. टेपबाईनं सगळे उपाय करून पाहिले. गोड बोलून झालं, रागावून झालं, अबोला धरून झाला. अबोल्याचा तर उपयोगच नव्हता, कारण समोरच्यानं आधीच धरलेला. चार पावलं अंगणापर्यंत तरी चला म्हटलं की तो भिंतीलाच सांगायचा, "नको गं. काय आहे तिथं बघायला?" आणि ती चडफडत मशीनवर जाऊन बसायची.

युक्ती सुचवली लेकीनं. लेक दूर शहरात, सगळं फोनवर. "आई, हल्ली बिनमातीची शेती करतात. घरात, पाण्यावर."

"पाण्यावर काय, शेवाळ?"

"भाजी गं! पालक, पुदिना, सॅलडची पानं. वरून दिवे लावायचे, खाली खताचं पाणी फिरवायचं."

"आणि मुळं?"

"मुळं पाण्यात लोंबतात."

"मेली असतील लोंबून," टेपबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. पण ते बोलणं काही डोक्यातून जाईना. काज करताना तेच, बटण लावताना तेच. हा माणूस शेतात जात नाही ना? नको जाऊ दे. आपण शेतच घरात आणू. त्याच्या खाटेला लागूनच तिची शिवणाची खोली होती, मधे एक दार. त्या दारातून हिरवं दिसायला लागलं की बघू कसा भिंतीकडे तोंड करून पडतो ते! तिनं लेकीला परत फोन लावला आणि म्हणाली, "पाठव ते दिवे."

दिवे आले, माशांच्या काचपेटीत असतो तसला छोटा पंप आला, खताच्या दोन बाटल्या आल्या. सगळं दूधगाडीतून, दुधाच्या वासासकट. पाइप मात्र तिनं स्वतः बाजारातून निवडून आणले, नळाचे पांढरे, आणि ते कापडासारखे मापून शिंप्याच्या खडूनं खुणा करून त्यांना गोल भोकं पाडली. भोकं एका रेषेत, एका अंतरावर, जशी काय बटणाची पट्टी. प्रत्येक भोकात बसेल असा जाळीचा पेला, पेल्यात स्पंजचा ठोकळा, ठोकळ्यात बी. पाइप भिंतीला एकावर एक टांगले, आणि एक टोक जरासंच खाली, म्हणजे पाणी थांबणार नाही आणि पळणारही नाही. पाण्याच्या टबाला उजेड लागला की शेवाळ धरतं म्हणून तिनं त्याला काळ्या कापडाचं झाकण शिवलं, इलास्टिक घालून. दुसऱ्या कुणी नुसती चादर टाकली असती. पण हिला झोल आलेला खपत नाही, त्याला काय करणार?

फजितीही झाली, नाही असं नाही. दोन्ही बाटल्यांतलं खत आधी पाण्यात सुटं सुटं विरघळवायचं असतं. हिनं ते वाटीत एकत्रच ओतलं, तर त्याचा पांढरा साका झाला आणि बुडाला खडू बसला. पहिल्या रोपांची पानं कडेनं करपली, कारण हौसेपायी खत जास्त पडलं. तिनं ती उपटली, पाइप धुतले आणि पुन्हा बी घातलं. आता पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं, हात साबणानं धुतल्याशिवाय पेल्याला लावायचा नाही, चपला दाराबाहेर. कचऱ्याचा एक कण पंपात गेला तर सगळंच बंद, हे तिनं फोनवर बघून बघून पाठ केलं होतं.

दुसऱ्या खेपेची रोपं मात्र धरली. आणि मग त्या खोलीत काय झालं ते नीट सांगता येणार नाही. बाहेर थंडी, वारा दाराशी धडका देतोय, खडक पांढरा पडलाय, आणि आत तो गुलाबी उजेड आणि पाइपातून पाण्याचा अखंड हळू आवाज. कुठं सुरू होतो कळत नाही, कुठं संपतो कळत नाही. टेपबाई मशीन चालवता चालवता थांबायची आणि नुसती ऐकत बसायची. पांढरं कापड त्या उजेडात फुलाच्या रंगाचं व्हायचं, तिचे हातही कुणा दुसरीचे वाटायचे, तरुण कुणाचे तरी. दुपारी डोळा लागला की तिला वाटायचं, घर खडकावरून सुटलंय. दोर सुटलेल्या नावेसारखं हळूहळू उतारावरून तरंगत चाललंय, वर ती आणि मशीन, पलीकडे खाटेवर तो, आणि कुणालाच कसली घाई नाही. जाग आली की क्षणभर कळायचं नाही की आपण कुठं पोचलो. मग पानं दिसायची. सकाळी नखाएवढी होती ती आता बोटाएवढी वाटायची, आणि ती उठून टेप लावून बघायची.

पहिले काही दिवस म्हातारा ओरडायचा, "ते दार लाव. डोळ्यांवर येतंय." ती लावायची. एका संध्याकाळी ती लावायला गेली तर तो म्हणाला, "राहू दे." बास, एवढंच. पण ती स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण सगळी भांडी पुन्हा घासून आली.

मग प्रश्न यायला लागले, भिंतीकडून. "ते पाणी जातं कुठं?"

"कुठं जाणार? टबात येतं, परत वर जातं."

"तेच?"

"तेच. थोडं थोडं भर घालायची, बस."

तो पाइपातला आवाज ऐकत राहिला. मग म्हणाला, "कंटाळत नसेल?"

आता पाणी कंटाळतं का, हा काय प्रश्न झाला? पण तो बोलला, याच आनंदात ती होती. हळूहळू तो कुशीवर वळला. मग उठून बसला. एकदा तर भिंतीला धरून दारापर्यंत आला आणि तिथल्या खुर्चीवर टेकला. तिला हर्षवायू व्हायचाच बाकी होता, पण तिनं चेहऱ्यावर दाखवलं नाही. खाली मान घालून शिवत राहिली. कौतुकानं रोपांकडे बघेल, निदान नावं तरी ठेवेल, अशी तिची आशा. तर हा गडी उठला, एक पेला भोकातून उचलला आणि खालून बघत बसला. जाळीतून पांढरी मुळं लोंबत होती, ओली, बारीक, एकमेकांत गुंतलेली.

"यांना धरायला काहीच नाही गं," तो म्हणाला.

"काय करायचंय धरून? खायला मिळतंय, प्यायला मिळतंय, उजेड आहे."

"तसं नाही. वाऱ्यात काय करतील?"

"घरात कुठला आलाय वारा?"

त्यानं पेला जागेवर ठेवला. परत खाटेवर गेला आणि परत भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी तो जेवलाही अर्धवट. टेपबाईचा जीव तुटला. आपण एवढा आटापिटा केला तो याला उठवायला, आणि ही लोंबती मुळं बघून हा आणखीच खचला की काय? त्यानंतर तो खुर्चीपर्यंतसुद्धा आला नाही. बाहेरची थंडी कमी व्हायला लागली होती. वाऱ्याची धार गेली होती, ओढ्याकडून ऊबदार वास यायला लागला होता, आणि डॉक्टरीणबाईंचे शब्द तिच्या कानांत बसले होते ते काही हलत नव्हते.

त्यात तिनं शिवायला घेतलेले दवाखान्याचे एप्रन पुरे झाले. ते पोचते करायला तिला बाजाराच्या गावी जाणं भाग होतं. सकाळी तिनं त्याच्या उशाशी जेवण झाकून ठेवलं, पाण्याची पातळी पाहिली, पाइपांवरून एकदा नजर फिरवली आणि दूधगाडीत बसली. परत आली ती दुपारी. चढ चढतानाच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दार उघडलं आणि कळलं. पाण्याचा आवाज नव्हता.

ती चपलांसकट आत धावली. टबातलं पाणी चहासारखं तांबडं. पंप नुसता घुर्र घुर्र करत तापलेला. पाइपांच्या तोंडाशी चिखल बसलेला, आणि पानं, तिची ती टेपनं मापलेली पानं, मान टाकून पडलेली. आणि प्रत्येक पेल्यात, एकही न चुकता, मूठ मूठ काळी माती. नुसती टाकलेली नाही. रोपाच्या बुंध्याशी नीट लावलेली, अंगठ्यानं दाबलेली.

टेपबाईचं डोकं फिरलं. पंपाची पिन उपटून ती तरातरा पलीकडे गेली. म्हातारा भिंतीकडे तोंड करून, कानापर्यंत पांघरूण ओढून पडला होता आणि लहान मूल सोंग करतं तसा मोठ्यानं श्वास घेत होता.

"अहो! पुरे झालं झोपेचं सोंग. काय केलंत हे?"

श्वास थांबला. पांघरुणातून आवाज आला, "थोडीथोडीच घातली."

"थोडीथोडी? मी पाणी गाळून घालते, हात धुऊन धुऊन माझ्या बोटांची सालं निघाली, आणि तुम्ही चिखल केलात त्याचा! पंप जळायचा राहिला! सगळी गेली ना हो रोपं. कुणासाठी केलं होतं मी हे? माझ्यासाठी? मला काय पालक मिळत नव्हता बाजारात?"

"अगं, लोंबत होती बिचारी," तो म्हणाला. "मला बघवेना. म्हटलं, जरा आधार..."

"आधार! आणि कुणी आणून दिली माती? कोण आलं होतं इथं? मी नसले की कुणालाही कामाला लावता, एक दूधगाडीवाला तेवढा..." इथं ती अडखळली, कारण दूधगाडीवाला तर सकाळपासून तिच्याबरोबर होता. आणि दुसरं कोण या खडकावर चढून येणार? तिची नजर उशीवर गेली. उशीला अभ्रा नव्हता. तिनंच शिवलेला, कडेला दुहेरी शिलाई घातलेला अभ्रा, तो खाटेखाली गोळा होऊन पडला होता, ओला आणि काळा.

"कुठली माती ही?" तिनं विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"ओढ्याकाठची. तिथलीच चांगली."

"आणली कुणी?"

"कोण आणणार? चालत येते होय ती?"

"तुम्ही गेला होतात? खाली? शेतात?"

तो वळला. चेहरा असा, जसा काही चोरी पकडलीय. पांघरूण सरकलं तसे त्याचे पाय दिसले. घोट्यापर्यंत वाळलेला चिखल होता.

"एकटे?"

"मग काय वरात काढायची होती? काठी घेतली ना. जाताना एकदा बसलो, दगडावर. जरा धडधडलं. मग म्हटलं, आता इथवर आलोय तर... दुसऱ्या खेपेला नाही बसलो."

"दुसऱ्या?"

"एवढी रोपं लावून ठेवलीस," तो कुरकुरला. "एका अभ्र्यात पुरते होय?"

टेपबाईनं तो मळका अभ्रा खाटेखालून ओढून हातात घेतला. तिला इतका आनंद झाला की तो तिला सोसेना. ती रडायला लागली, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, नाक पुसायचंही भान न ठेवता. हा माणूस जिथं पडला होता तिथं गेला. जाऊन आला, आणि पुन्हा गेला. त्या मुक्या रोपांच्या दयेपायी गेला. तिच्यासाठी उठला नाही, लेकीसाठी उठला नाही, याचा थोडा रागही आला, खोटं कशाला सांगू? पण तो राग अश्रूंबरोबरच वाहून गेला.

म्हातारा घाबरून उठून बसला. "अगं, रडतेस काय? मरतील का ती?"

"मरतील बरीचशी."

"मग आता?"

"आता सगळं उतरवायचं. पाइप, टब, सगळं धुवायचं. मला एकटीला नाही जमायचं," ती म्हणाली.

धादांत खोटं. सगळं तिनं एकटीनं उभं केलं होतं, तो पलीकडे पडून असताना, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्यानं पाय खाली सोडले. हात धरावा असं तिच्या फार मनात आलं. ती जागची हलली नाही. तो उठला, काठी घेतली, भिंतीला न धरता दारातून त्या खोलीत गेला आणि पेल्यांवर वाकून एकेक रोप निरखू लागला. मग त्यानं जी जरा ताठ होती ती मातीसकट अलगद उपसली आणि तोच मळका अभ्रा मागून घेऊन त्यात उभी रचली.

"हे काय?" ती म्हणाली.

"इथं मरणारच आहेत ना? मग खाली लावून बघतो. ऊन उतरलंय, हीच वेळ."

"आत्ता? पुन्हा?"

"मग काय, रोपं मेल्यावर?"

तो दाराबाहेर पडला आणि उताराला लागला, तिरका, काठी टेकत, रोपांचा अभ्रा छातीशी धरून. ती उंबऱ्यावर आली. हळू जा म्हणावं, थांबा मीही येते म्हणावं, असं ओठांवर किती काय काय आलं. निघालं ते भलतंच.

"अहो, जेवून तरी जा!"

"आलोच," तो म्हणाला.